मऊ धातू, ड्रिलचा वेग आणि भिंतीवरचा तक्ता

बरेच दिवस या विषयावर लिहायचं डोक्यात होतं. आठवडाभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाने धातूला भोकं पाडण्यावर मतं का मांडावीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण शनिवार-रविवार माझा बराचसा वेळ पार्किंगच्या कोपऱ्यातल्या एका बेंच ड्रिलसमोर जातो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पितळेचे तुकडे, तांब्याची बसबार असलं काहीबाही तिथे पडलेलं असतं. आणि या छंदात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: "ॲल्युमिनियमला स्पीड किती ठेवायचा?"

या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं उत्तर अनुभवी काकांचं: "मऊ धातू आहे, घाई करू नकोस, हळू फिरव." दुसरं उत्तर पुस्तकाचं: तक्ता बघ, सूत्रात घाल, आकडा काढ. माझं मत असं की पहिलं उत्तर सरळ चूक आहे. दुसरं बरोबर आहे, पण ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे. कसं ते सांगतो.

आधी ज्यांचा वर्कशॉपशी संबंध बारावीनंतर आला नाही त्यांच्यासाठी थोडी उजळणी. कटिंग स्पीड म्हणजे ड्रिलच्या बाहेरच्या कडेचा एक बिंदू मिनिटाला किती मीटर अंतर कापतो ते. फेरे वेगळे, कटिंग स्पीड वेगळा. ३ मिलिमीटरचं आणि १२ मिलिमीटरचं ड्रिल एकाच फेऱ्यांवर चालवलं तर जाड ड्रिलची कडा चौपट वेगाने धावते. म्हणून धातूनुसार कटिंग स्पीड ठरवायचा आणि व्यासावरून फेरे काढायचे. सूत्र सोपं आहे. १००० ला पायने भागलं की ३१८ येतात, तेवढे लक्षात ठेवायचे: फेरे = ३१८ × कटिंग स्पीड ÷ व्यास. कटिंग स्पीड मीटरमध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये.

हायस्पीड स्टीलच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या एचएसएस ड्रिलसाठी पुस्तकात साधारण असे आकडे सापडतात: माइल्ड स्टीलला मिनिटाला २५ ते ३० मीटर, तांब्याला ३० ते ६०, पितळेला ४५ ते ९०, आणि ॲल्युमिनियमला ६० ते १००. पुस्तकापुस्तकांत थोडा फरक असतो, पण क्रम हाच. आता ६ मिलिमीटरचं ड्रिल घ्या. स्टीलला २५ धरले तर १,३२५ फेरे. ॲल्युमिनियमला ७५ धरले तर ३,९७५ फेरे. ३ मिलिमीटरचं ड्रिल घेतलं तर ॲल्युमिनियमला जवळपास ८,००० फेरे!

म्हणजे "मऊ आहे, हळू फिरव" याच्या बरोबर उलट. मऊ धातूला ड्रिल जास्त जोरात फिरवायचं असतं.

आता इथे गंमत बघा. घरातलं हातात धरायचं ड्रिल मशीन असो की पट्टा आणि पायऱ्यांची पुली असलेलं छोटं बेंच ड्रिल, त्याचा वरचा वेग बहुतेक वेळा २,५०० ते ३,००० फेऱ्यांच्या आसपास संपतो. २,८०० धरू. या मशीनवर ६ मिलिमीटरचं ड्रिल पूर्ण वेगाने फिरवलं तरी कटिंग स्पीड होतो ५३ मीटर. ३ मिलिमीटरचं ड्रिल असेल तर २६ मीटर. १ मिलिमीटरचं असेल तर ९ मीटरसुद्धा नाही. म्हणजे साडेआठ मिलिमीटरपर्यंतच्या कुठल्याही ड्रिलला आपलं मशीन तक्त्यातल्या ७५ मीटरपर्यंत पोचतच नाही. आपण ज्या आकड्यासाठी एवढे डोकं खाजवतो, तो आकडा आपल्या आवाक्यातच नाही. आणि तरीही भोकं बिघडतात. ड्रिल भरतं, अडकतं, मोडतं. मग ते वेग जास्त झाल्यामुळे बिघडतंय असं कसं म्हणायचं?

याचं उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं, म्हणजे हा तक्ता मुळात आला कुठून तिथपर्यंत.

फ्रेडरिक विन्स्लो टेलर हे नाव मॅनेजमेंट शिकलेल्यांना माहीत असतं: स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा राहणारा माणूस. पण टेलर मुळात धातू कापणारा इंजिनिअर. १८८० मध्ये अमेरिकेत मिडव्हेल स्टील कंपनीत त्याने धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी २६ वर्षं चालू राहिले. १९०६ च्या डिसेंबरात त्याने ते सगळं अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडलं. नोंदवलेले प्रयोग ३० ते ५० हजार, आणि त्यात किसून संपवलेलं लोखंड-पोलाद ८ लाख पौंड, म्हणजे साडेतीन लाख किलोच्या वर! याच प्रवासात त्याने आणि मॉन्सेल व्हाइट या सहकाऱ्याने हायस्पीड स्टील घडवलं आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांना ते चालताना दाखवलं.

टेलरचा मूळ प्रश्न काय होता? कटिंग स्पीड वाढवला की हत्याराची धार किती मिनिटं टिकते? वेग आणि आयुष्य यांचं ते प्रसिद्ध समीकरण त्यातूनच आलं. वेग वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की हत्याराचं पाणी उतरतं. साध्या कार्बन स्टीलच्या हत्याराचं पाणी २००-२५० अंश सेल्सिअसच्या पुढे उतरायला लागतं. हायस्पीड स्टील ६०० अंशांच्या आसपास टिकतं. तेव्हा कटिंग स्पीडचा तक्ता म्हणजे "याच्या वर गेलात तर उष्णतेने हत्याराची धार जाईल" अशी एक मर्यादा.

पोलाद कापताना ही मर्यादा खरी आहे. स्टेनलेस स्टीलला जोरात ड्रिल फिरवून बघा, दहा सेकंदांत ड्रिलचं टोक निळं पडेल. पण ॲल्युमिनियम? ते ६६० अंशांना वितळतं. कापताना ते त्याच्या बरंच खाली राहतं, आणि शिवाय उष्णता वाहून नेण्यात ते पोलादाच्या कितीतरी पुढे. तांबं तर त्याच्याही पुढे. साध्या ॲल्युमिनियमच्या एका भोकात एचएसएस ड्रिलचं पाणी उतरवून दाखवणं जवळपास अशक्य आहे. म्हणजे तक्ता ज्या धोक्याचा इशारा देतो, तो धोका आपल्या मऊ धातूंत फारसा नाहीच. धोके आहेत, पण दुसरे आहेत, आणि त्यांचा तक्त्यात उल्लेखही नाही.

गंमत म्हणजे टेलरला हे माहीत होतं. त्याने वेगावर परिणाम करणाऱ्या बारा गोष्टी मोजल्या होत्या. धातूचा कठीणपणा, हत्याराचं रसायन, किसाची जाडी, हत्याराचा आकार, धारेचे कोन, थंड करण्यासाठी पाणी, जॉबची थरथर, मशीनची ताकद वगैरे. बारा गोष्टी एकत्र सोडवणं हाताने जमेना म्हणून कार्ल बार्थ या गणितात हुशार सहकाऱ्याने खास स्लाइड रूल बनवली. थोडक्यात काय, तर ते त्या काळचं सॉफ्टवेअर होतं! बारा इनपुट, एक उत्तर. आज भिंतीवर लावलेल्या तक्त्यात त्या बारांपैकी दोनच उरलेत: कापायचा धातू आणि हत्याराचा धातू. बाकीचे दहा गळून पडले. आपल्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी फंक्शनचे दहा पॅरामीटर काढून तिथे डीफॉल्ट व्हॅल्यू टाकल्या, आणि त्या कुठल्या हे कुठेही लिहिलं नाही.

त्या गळलेल्या दहांत माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली गोष्ट म्हणजे किसाची जाडी. म्हणजेच फीड.

ड्रिल एका फेऱ्यात किती खाली उतरतं ते फीड. साधा ठोकताळा असा की व्यासाच्या एक ते दोन टक्के. ६ मिलिमीटरच्या ड्रिलला एका फेऱ्यात ०.०६ ते ०.१२ मिलिमीटर. ०.१ धरू. २,८०० फेऱ्यांना मिनिटाला २८० मिलिमीटर झाले. आता १२ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियम प्लेट आहे. ड्रिलचं टोक पूर्ण बाहेर यायला अजून दोनेक मिलिमीटर. एकूण १४. या हिशेबाने भोक पडायला वेळ किती लागायला हवा? तीन सेकंद!

तीन सेकंद म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. कारण हाताने फीड देताना आपण सगळे त्याच भोकाला आरामात वीस सेकंद लावतो. वीस सेकंदांत ड्रिलचे ९३३ फेरे होतात. १४ मिलिमीटरला ९३३ ने भागा: एका फेऱ्यात ०.०१५ मिलिमीटर, म्हणजे १५ मायक्रॉन. त्यात ड्रिलला धारा दोन. एका धारेच्या वाट्याला साडेसात मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग! आणि कुठलीही धार कितीही तीक्ष्ण म्हटली तरी तिच्या टोकाला काही मायक्रॉनची गोलाई असतेच. एवढ्या पातळ थराला धार कापत नाही, ती घासते. घासलं की ॲल्युमिनियम धारेला चिकटतं. चिकटलेल्या थरावर पुढचा थर बसतो. मग ड्रिल कापायचंच बंद होतं, खोबणीत कीस ठासून भरतो, ड्रिल अडकतं आणि तुटतं.

हे होताना बघणारा काय निष्कर्ष काढतो? "वेग जास्त झाला, कमी कर." मग वेग कमी केला जातो. कमी वेगाला ॲल्युमिनियम धारेला जास्तच चिकटतं, कारण हा चिकटण्याचा प्रकार हळू कापताना वाढतो आणि वेगाने कापताना कमी होतो. म्हणजे औषधाने आजार वाढला. आपल्या धंद्यात याला प्रोफायलिंग न करता ऑप्टिमायझेशन म्हणतात. जो खटका हाताशी आहे तो फिरवायचा, मग दुखणं तिथे असो वा नसो.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या गाडीच्या स्पर्धेसाठी त्यांच्या टीमला एचई-३० च्या प्लेटमध्ये ५ मिलिमीटरची चाळीसेक भोकं पाडायची होती. रात्री साडेदहाला त्याने फोटो पाठवला: तीन मोडलेली ड्रिलं, चौथ्याच्या खोबणीत चांदीसारखं ठासलेलं ॲल्युमिनियम. पाठोपाठ फोन. "मामा, पट्टा सगळ्यात खालच्या पुलीवर टाकलाय. आता अजून कमी कसा करू?"

"कमी नको रे बाबा, पट्टा वर टाक. एका भोकाला वेळ किती लागतोय?"

"मोजला नाही. असेल पाऊण मिनिट. सर म्हणाले होते जपून कर."

त्याला म्हटलं, नवं ड्रिल लाव, मशीन सगळ्यात वरच्या वेगाला घे, थेंबभर तेल टाक, जॉब क्लॅम्प कर, आणि हँडल असं दाब की मनात सहा मोजेपर्यंत ड्रिल पार झालं पाहिजे. मधे दोनदा वर उचल, कीस बाहेर येऊ दे. उरलेली भोकं त्या एकाच ड्रिलने झाली. यात माझी काही हुशारी नाही. मी फक्त त्याला स्पीडचा नाद सोडून सेकंद मोजायला लावलं.

माझा मुद्दा एवढाच. मऊ धातूंत कटिंग स्पीड ही वरची मर्यादा आहे. ती एकदा हिशेबाने तपासायची, मशीन तिथे पोचत नसेल तर सरळ वरचा वेग लावायचा आणि तो विषय सोडून द्यायचा. डोकं खर्च करायचं ते दुसऱ्या प्रश्नावर: या धातूत भोक बिघडतं ते कशाने? कारण "मऊ धातू" असा एकच धातू नाही. तिघांची तीन दुखणी आहेत.

ॲल्युमिनियमचं दुखणं चिकटण्याचं, ते वर आलंच. त्याला उपाय तीन: तीक्ष्ण धार, भरभक्कम फीड आणि वंगण. पूर्वी वर्कशॉपात यासाठी सर्रास रॉकेल वापरायचे. चालतं उत्तम, पण ते पेट घेतं. साधं कटिंग ऑइल बरं. भोकाची खोली व्यासाच्या तिपटीपुढे गेली की ड्रिल मधूनमधून पूर्ण बाहेर काढायचं. शुद्ध, नरम ॲल्युमिनियम सगळ्यात जास्त त्रास देतं. खिडकीच्या सेक्शनचं किंवा एचई-३० सारखं मिश्रधातूचं, उष्णतेने कडक केलेलं ॲल्युमिनियम त्या मानाने गुणी बाळ. म्हणजे जेवढं मऊ तेवढं सोपं, हेही खोटं.

पितळेचं दुखणं अगदी वेगळं. साध्या फ्री-कटिंग पितळेचा कीस बारीक तुकड्यांत पडतो, चिकटत नाही, तेलही लागत नाही. वेगाचंही त्याला फार काही वाटत नाही. पण पितळ ड्रिलला पकडतं. नेहमीच्या ड्रिलची धार पुढे झुकलेली असते, पितळेत ती स्क्रूसारखी आत खेचली जाते. विशेषतः आधी पाडलेलं भोक मोठं करताना, आणि ड्रिल खालून बाहेर पडतानाच्या शेवटच्या क्षणी. हातात धरलेला जॉब तेव्हा पंख्यासारखा फिरतो. आता इथे वेग कमी करून काय होणार? हळू फिरणारं ड्रिलसुद्धा पकडायचं ते पकडतंच. उलट पुलीवर वेग कमी केला की पिळाचा जोर वाढतो! याचा इलाज धारेवर आहे: ऑइलस्टोनच्या दोन-चार घासांनी धारेच्या पुढच्या कडेला एक बारीक सपाट पट्टी द्यायची, म्हणजे धार खणत नाही, खरवडते. जुने फिटर पितळेची ड्रिलं वेगळी ठेवायचे ती याचसाठी. आणि जॉब व्हाइसमध्ये. हातात नाही म्हणजे नाही.

पितळेच्या बाबतीत अजून एक. तक्त्यातला पितळेचा मोठा आकडा हा साधारण तीन टक्के शिसं असलेल्या पितळेचा आहे. शिशामुळेच कीस तुटतो. पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या भागातलं शिसं सरासरी पाव टक्क्यावर आणलं गेलं, आणि बिनशिशाची पितळं वाढली. ती जुन्या पितळेसारखी कापली जात नाहीत, कीस लांब येतो. पण भिंतीवरच्या तक्त्यात ओळ तीच: "पितळ". धातू बदलला, आकडा तसाच राहिला.

तांब्याला दोन्ही दुखणी. ते चिवट आहे, त्याचा कीस लांब दोरीसारखा येतो, ते धारेवर जमतं आणि घासलं तर वर कडकही होतं. इलेक्ट्रिकल पॅनेलच्या बसबारला भोकं पाडणाऱ्याला विचारा. तिथे वेग मध्यम, तेल हवंच, आणि दाब अजिबात सोडायचा नाही. अर्धवट दाबून थांबलात की तुमच्या ड्रिलने तिथे तळाशी चकाकी आणलेली असते, आणि पुन्हा सुरू करताना ड्रिल नुसतं घसरतं.

मग वेग कधीच महत्त्वाचा नाही का? आहे ना. चार ठिकाणी मी स्वतः आकडेमोड केल्याशिवाय मशीन चालू करत नाही.

एक, मोठा व्यास. २,८०० फेऱ्यांवर ३० मिलिमीटरचा होल सॉ लावला तर कटिंग स्पीड २६४ मीटर! ७५ मीटरच्या हिशेबाने जास्तीत जास्त ७९५ फेरे, आणि होल सॉला मी त्याच्याही निम्म्यावर येतो. दोन, काउंटरसिंक. तिथे वेग जास्त झाला की थरथर होऊन बहुकोनी खड्डा पडतो, म्हणून ड्रिलच्या तिसऱ्या हिश्श्यावर यायचं. तीन, इंजिनाच्या केसिंगसारखं कास्ट ॲल्युमिनियम. त्यात बऱ्याचदा दहा टक्क्यांहून जास्त सिलिकॉन असतं, त्याचे कठीण कण धारेला सॅंडपेपरसारखे खातात. इथे टेलरचा मूळ प्रश्न पुन्हा जिवंत होतो, आणि तक्तासुद्धा. चार, मॅग्नेशियम. दिसायला ॲल्युमिनियमसारखंच, वजनाला हलकं, काही कॅमेऱ्यांच्या आणि लॅपटॉपच्या सांगाड्यांत सापडतं. त्याचा बारीक कीस पेट घेऊ शकतो, आणि पाण्याने ती आग भडकते. बोथट ड्रिल आणि घाबरत दिलेला बारीक फीड म्हणजे नेमका तोच बारीक, गरम कीस. घरी करू नये हे उत्तम.

यावर सीएनसीवाले मित्र हसतील. त्यांच्याकडे कार्बाइडची ड्रिलं, आतून कूलंट, मिनिटाला वीस हजार फेऱ्यांची स्पिंडल. तिथे कटिंग स्पीड वाढवला की सेकंद वाचतात आणि सेकंदांचे पैसे होतात. कबूल. टेलरचीही कळकळ तीच होती. पण त्या मशीनवर फीड प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असतो, तो कधी घाबरत नाही. हँडल हातात असलेल्या माणसाला फीडचा आकडा दिसतच नाही. त्याला पुलीवरचे आकडे दिसतात, म्हणून तो तेच बदलतो.

दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा: "हे सगळं आवाजावरून कळतं, कीस बघून कळतं. सेकंद कसले मोजता?" शंभर टक्के खरं. तीस वर्षं ड्रिलसमोर उभा राहिलेला माणूस कानाने फीड देतो. पण कान उसना देता येत नाही. पहिल्या दिवशी उभ्या राहिलेल्या पोराला "आवाज ऐक" म्हणून काय कळणार? त्याला कुठला आवाज बरोबर तेच माहीत नाही. सेकंद मात्र पहिल्या दिवशी मोजता येतात. सेकंदांनी सुरुवात केली की आवाज हळूहळू कानात बसतो.

आणि हा नुसता ड्रिल वाचवण्याचा प्रश्न नाही. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये, डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये कटिंग स्पीडचं सूत्र शिकवतात, परीक्षेत त्यावर गणित येतं, मुलं ते अचूक सोडवतात. मशीनसमोर गेल्यावर मात्र त्यांच्या हातात उरते ती सूचना "जपून, हळू". जपून म्हणजे काय? तर हळू फिरव, हलकं दाब. म्हणजे घासणं, चिकटणं, अडकणं. अडकलेलं ड्रिल मोडतं तेव्हा तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही. पातळ पत्रा पकडला गेला तर तो पात्यासारखा फिरतो. भीतीपोटी दिलेला सल्ला पोराला नेमका धोक्याकडे ढकलतो. खरं "जपून" म्हणजे जॉब बांधणं, डोळ्यावर चष्मा, बाह्या वर, हातात हातमोजे नाहीत, कीस ब्रशने काढणं, ड्रिल बाहेर पडताना दाब सैल करणं. यातली एकही गोष्ट वेग कमी केल्याने साधत नाही.

म्हणून मला विचाराल तर भिंतीवरच्या त्या तक्त्यात दोन रकाने वाढवावेत. पहिला रकाना: या धातूत काय बिघडतं. ॲल्युमिनियमपुढे "चिकटतं", पितळेपुढे "पकडतं", तांब्यापुढे "चिवट, दाब सोडू नका", माइल्ड स्टीलपुढे "तापतं". आणि दुसरा रकाना: त्या मशीनच्या वेगाला १० मिलिमीटर जाडीत भोक पडायला किती सेकंद लागायला हवेत. हिशेब पाच मिनिटांचा आहे. जाडीत ड्रिलच्या टोकाचे व्यासाच्या ०.३ पट मिळवा, फेरे गुणिले फीडने भागा, साठने गुणा. आपल्या मशीनच्या पाच पुलींसाठी आणि चार-पाच नेहमीच्या ड्रिलांसाठी एकदा काढून ठेवलं की झालं. माझ्या बेंच ड्रिलच्या पट्ट्याच्या झाकणावर असा कागद चिकटवलेला आहे. त्यावर तेलाचे डाग पडून अर्धे आकडे पुसलेत, पण आता ते पाठ आहेत.

ड्रिलच्या बाबतीत आपल्याला एका भोकाची वेळ कळली की फीड कळतो, फीड कळला की कीस कळतो, आणि कीस कळला की बाकी सगळं ओघाने येतं. वेग त्या मानाने सोपा. ३१८ गुणिले कटिंग स्पीड भागिले व्यास. उत्तर मशीनच्या वर जात असेल, तर पट्टा वरच्या पुलीवर आणि लक्ष हँडलवर.

असो. उद्या रविवार आहे, आणि तांब्याच्या एका पट्टीला बारा भोकं पाडायची राहिलीत.